गरम सूप आणि मधला खांब

माझ्या नवऱ्याची माझ्याबद्दल एक जुनी तक्रार आहे. कुणाच्या लग्नाला गेलो की मी धड जेवत नाही. हॉलच्या कोपऱ्यात उभी राहून माणसं कुठून येतात, कुठे अडतात आणि कुणाची आमटी आता कुणाच्या शालूवर सांडणार, ते बघत राहते. "तुझं ऑफिस अजून सुटलं नाही का?" असं तो विचारतो. खरं सांगायचं तर ते कधीच सुटलं नाही. आता कामं घेणं बंद केलंय, तरी नजर काही निवृत्त व्हायला तयार नाही.

इंटिरियरवाली म्हटलं की लोकांना पडदे आठवतात. नातेवाईक घरी बोलावतात आणि चहा पुढे ठेवून विचारतात, "या भिंतीला कुठला रंग बरा दिसेल गं?" रंग कुठलाही चालतो, हे मी त्यांना कधी सांगितलं नाही, चहा मिळाला नसता. घराचं असो की दुकानाचं, आमचं खरं काम एकच. माणूस आत आल्यापासून बाहेर पडेपर्यंत त्याला कुठे थांबून विचार करावा लागू नये, आणि एकाचा पाय दुसऱ्याच्या पायात येऊ नये. जमलं तर कुणाच्या लक्षातही येत नाही. फसलं तर मात्र सगळ्या गावाला दिसतं.

फसलेली कामं मी बरीच पाहिली आहेत. खांदा कॉलनीतल्या एका दाताच्या डॉक्टरांनी बसायच्या खुर्च्या उपचाराच्या खोलीच्या काचेसमोर मांडल्या होत्या. आतला माणूस तोंड उघडून पडलेला दिसला की बाहेरच्याचा ठणका आपोआप थांबायचा आणि तो घरी जायचा. मी फक्त खुर्च्यांची तोंडं फिरवली. जुन्या पनवेलात एका साडीवाल्यांनी दारातच मोठा देव्हारा करून घेतला. गिऱ्हाइकं भक्तिभावाने उंबऱ्याबाहेर चपला काढू लागली, चपलांचा ढीग दारात साठला आणि आत शिरायला वाटच उरली नाही. देव हलवायला शेटजी तयार नव्हते. शेवटी दारच दुसरीकडे काढलं.

असे किस्से सांगायला बरे वाटतात, कारण त्यांत कुणाला काही झालं नाही. मला लिहायचं आहे ते वैशालीच्या हॉटेलाबद्दल.

वैशाली ही आप्पांची सून. आप्पा म्हणजे पनवेलजवळच्या एका गावचे आगरी शेतकरी. शेती गेली, तिथे इमारती झाल्या, आणि आप्पा जागामालक झाले. अंगात पांढरं शुभ्र, बोलणं थोडकं. वैशालीने हॉटेल मॅनेजमेंट केलं होतं आणि लग्नाआधी दोनेक वर्षं मलेशियात एका मोठ्या फूड कोर्टात नोकरी केली होती. नवीन पनवेलच्या रस्त्यावर आप्पांची तळमजल्याची मोठी जागा रिकामी पडून होती. एक बँक ती भाड्याने मागत होती. वैशालीने सासऱ्यांकडे ती आपल्यासाठी मागितली. आप्पा म्हणाले, गणपतीपर्यंत चालवून दाखव. नाही जमलं तर बँकेला देतो. लग्नानंतर तिने स्वतःसाठी मागितलेली ती पहिली गोष्ट होती, असं तिनेच मला सांगितलं.

हॉटेल आशियाई जेवणाचं. थुक्पा नावाचं नूडल्सचं तिबेटी सूप, मोमो, भाताच्या वाट्या. स्वयंपाकाला दार्जिलिंगकडचा सोनम. वाढपी नाहीत, सगळं आपलं आपण. काउंटरवर ऑर्डर द्यायची, खिडकीतून ट्रे घ्यायचा, टेबलावर बसून खायचं आणि उठताना रिकामा ट्रे दुसऱ्या खिडकीत नेऊन ठेवायचा. वैशालीकडे मलेशियातले ढीगभर फोटो होते. आम्ही दोघींनी ते बघून नकाशा काढला. बांबूच्या जाळ्या, कागदी कंदील, लाकडी बाकं, सगळं देखणं झालं. हॉलच्या बरोबर मध्ये इमारतीचा एक जाडजूड खांब होता. बिल्डर खांब कुठे घालतात हे त्यांचं त्यांनाच ठाऊक. त्याला आम्ही सुतळी गुंडाळून नटवलं आणि हात धुवायचं बेसिन त्याच्यामागे, संडासाच्या बोळात टाकलं. ट्रे घ्यायची आणि ट्रे ठेवायची अशा दोन्ही खिडक्या एकाच भिंतीला शेजारीशेजारी ठेवल्या. पाण्याचे नळ, सांडपाण्याचा पाइप, सगळं तिथेच होतं. कागदावर याहून सरळ काही असू शकत नाही.

हॉटेल पहिल्या आठवड्यापासून तुडुंब चाललं. कॉलेजची पोरं, सोसायट्यांमधली कुटुंबं, तळोज्याच्या कारखान्यांतली पाळी सुटलेली माणसं. आणि मी रोज दुपारी काहीतरी निमित्त काढून तिथे जाऊ लागले. एकदा बिजागरी बघायला, एकदा दिवा लुकलुकतोय म्हणून. खरं कारण एवढंच होतं, की खांबापाशी जे चाललं होतं ते बघून मला घरी जेवण जाईना.

त्या फोटोंमधली माणसं आधी ट्रे घेतात आणि मग जागा शोधतात. आपल्याकडे आधी जागा धरतात. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकणारे आपण! कुटुंब आत शिरलं की सगळ्यात वयस्कर आत्या किंवा मावशी टेबलावर राखणीला बसायची, तिच्या आजूबाजूला पिशव्या, आणि बाकीचे रांगेत. म्हणजे निम्मी टेबलं न जेवणाऱ्यांनी अडलेली, आणि ज्यांच्या हातात ट्रे आहे ते उभे.

दुसरी गोष्ट उष्ट्याची. आम्ही उष्टे ट्रे ठेवायची खिडकी ताज्या अन्नाच्या शेजारी केली होती. नळ जवळ, म्हणून केली. आपल्या माणसाला ते बघवेना. दोन पावलं जाऊन लोक नाक मुरडून परत यायचे आणि ट्रे टेबलावरच सोडायचे. मलेशियात काय करत असतील ते असो, इथे उकळत्या भांड्याशेजारी कुणी कुणाचं उष्टं ठेवून घेत नाही. हे मला माहीत नव्हतं का? जन्म इथे गेला. पण फोटो समोर असले की माणूस आपलं स्वयंपाकघर विसरतो.

तिसरी गोष्ट हात धुण्याची. चमच्याने खाल्लं तरी आपण हात धुतो आणि चूळ भरतो; त्याशिवाय जेवण झालं असं पोटाला कळत नाही. मोमोची चटणी तर बोटांनाच लागते. जेवलेला प्रत्येक माणूस ओला-चिकट हात अंगापासून लांब धरून बेसिनकडे निघायचा, खांबाला वळसा घालून. समोरून उकळतं सूप घेऊन जागा शोधणारा यायचा, तोही खांबाला वळसा घालून. दोघांनाही एकमेकांचं तोंड दिसायचं ते अगदी हातभर अंतरावर.

रोज कुणीतरी "अरे अरे" म्हणायचं. रोज थोडं सूप फरशीवर सांडायचं. भाजलं कुणीच नाही, आणि म्हणून माझ्याशिवाय कुणालाच भीती वाटत नव्हती.

आम्ही उपाय केले नाहीत असं नाही. फरशीवर पिवळ्या पट्ट्या चिकटवल्या. मुलं त्यावर लंगडी खेळू लागली. "कृपया ट्रे खिडकीत ठेवावा" अशी पाटी लावली. तिच्यावर लोक पिशव्या अडकवू लागले. वाट्यांना झाकणं आणली. माणसं ट्रे घेताक्षणी झाकण काढून फोटो घ्यायची. सोनमने सूप काठापासून खाली भरायला सुरुवात केली, तर तक्रार आली की माप मारतात. टेबलं आवरायला दोन बायका ठेवल्या, तर गर्दीत आणखी दोन ट्रे फिरू लागले.

या माणसांमध्ये एक संतोष होता. तळोज्याला एका केमिकल कंपनीत कंत्राटावर होता, मूळचा सोलापूरकडचा. सुट्टीच्या दिवशी ठरलेला यायचा आणि सगळ्यात मोठी वाटी थुक्पा घ्यायचा. कंपनीतला वास नाकात बसतो, तो या सुपानेच निघतो, असं त्याने एकदा मला सांगितलं. ट्रे तो इतक्या जपून न्यायचा की त्याच्याकडे बघताना मला जरा विसावा मिळायचा. सगळी अशी असती तर मी घरी बसले असते.

उपाय मला दिसत होता. बेसिनं आणि उष्टे ट्रे ठेवायची मांडणी, दोन्ही एकत्र, पुढे दाराशी न्यायची. आपला माणूस ट्रे उचलणार नाही, पण हात धुवायला उठणारच. बेसिनच्या शेजारी ट्रेची जागा असली की उठताना ट्रे आपसूक हातात येईल. टेबलं मोकळी होतील, उष्टं ताज्यापासून लांब जाईल आणि खांबापाशी चिकट हातांचं येणंजाणं थांबेल. पण पुढे सांडपाण्याची लाइनच नव्हती. पूर्ण हॉलची फरशी फोडून उतार काढावा लागणार होता. म्हणजे आठ-दहा दिवस शटर खाली.

वैशालीला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "ताई, शटर एकदा खाली गेलं की आमच्या घरात ते परत वर जाणार नाही. गणपती होऊ द्या, मग तुम्ही सांगाल तेवढं फोडू."

तिचं चूक नव्हतं. गणपती तीन-चार आठवड्यांवर होते. आतापर्यंत काही झालं नव्हतं, मग एवढे दिवस तरी का व्हावं? मी स्वतःला हे समजावत घरी आले आणि रात्रभर त्या खांबाभोवती फिरत राहिले. आमच्या धंद्यात भीतीला पुरावा नसतो. पुरावा मिळतो तेव्हा उशीर झालेला असतो.

दोन दिवसांनी मी आप्पांकडे गेले. वैशालीला न सांगता.

आप्पांनी सगळं ऐकून घेतलं. मी कागद काढून बाण दाखवले, त्याकडे त्यांनी पाहिलं नाही. एवढंच विचारलं, "कोन भाजलंय का?"

मी म्हटलं, अजून नाही.

"मंग बाय, तुमी भिता कशाला?"

मी कागदाची घडी घातली. माझा चेहरा बघून त्यांना काय वाटलं कोण जाणे, पण उठताना म्हणाले, "रविवारी येतंव मी. बसून बगतंव. मंग सांगतंव काय ते."

त्या संध्याकाळी वैशालीचा फोन आला. आवाज चढवला नाही तिने. तुम्ही माझ्या घरात माझ्या पाठीमागे गेलात, एवढंच बोलली आणि फोन ठेवला. मला फार लागलं ते. पण तेव्हा वाटत होतं, की रागावली तर रागावू दे, आप्पा स्वतःच्या डोळ्यांनी बघतील आणि यातून काहीतरी मार्ग निघेल.

रविवारी दुपारी हॉटेलात पाय ठेवायला जागा नव्हती. आप्पा आले ते नातीचं बोट धरून. सानू, वैशालीची मुलगी, चार वर्षांची. घरातून निघताना आजोबांच्या मागे लागली म्हणून आणली होती. आप्पांना बघून एका कुटुंबाने लगेच टेबल मोकळं करून दिलं. ते खांबाच्या जवळचंच होतं. गावातली दोन-चार माणसं भेटली आणि गप्पा सुरू झाल्या. सानूने मोमो खाल्ले, बोटं लाल करून घेतली आणि ती आजोबांच्या पांढऱ्या बाहीला लावणार, एवढ्यात आप्पा हसून म्हणाले, "जा, हात धू."

आईच्या हॉटेलात तिला सगळं माहीत होतं. ती उतरली आणि दोन्ही हात पुढे धरून पळाली.

मी माझ्या नेहमीच्या कोपऱ्यात होते. खांबाच्या या बाजूने सानू येताना मला दिसली आणि त्या बाजूने संतोष. ते एकमेकांना दिसत नव्हते, मला दोघं दिसत होते. कित्येक आठवडे मी याच क्षणाला घाबरत होते, रोज मनात पाहत होते, आणि तो आला तेव्हा माझ्या तोंडातून आवाजसुद्धा निघाला नाही.

सानू त्याच्या गुडघ्यांवर आदळली. ट्रे कलला. तो पुढे पडला असता तर सगळं तिच्या डोक्यावर गेलं असतं. संतोषने ट्रे सोडला नाही, स्वतःही मागे सरला नाही. त्याने तो स्वतःच्या छातीकडे ओढून घेतला.

काउंटरवरून उडी टाकून सोनम धावला आणि त्याला आत मोठ्या नळाखाली घेऊन गेला. शर्ट ओढू नका, पाणी सोडा, असं हिंदीत ओरडत त्याने त्याला तिथे दाबून धरलं. मी मागोमाग गेले. संतोषचे दात वाजत होते. माझ्याकडे बघून त्याने विचारलं, "पोरीवर उडालं का हो?"

उडालं नव्हतं. एक थेंबही नाही.

आप्पांनी स्वतःच्या गाडीतून त्याला हॉस्पिटलात नेलं. वैशालीने मुलीला कडेवर घेतलं, भरलेल्या हॉलला हात जोडले आणि शेवटचं गिऱ्हाईक गेल्यावर शटर स्वतः खाली ओढलं. माझ्याकडे तिने बघितलं नाही.

संतोषची छाती आणि एक हात कोपरापर्यंत भाजला होता. जीव धोक्यात नव्हता, पण बरं व्हायला वेळ लागणार होता. आप्पा रोज त्याच्यापाशी जाऊन बसायचे. सगळा खर्च त्यांनी अंगावर घेतला, पण मला सांगायचं आहे ते निराळं. मी भेटायला गेले तेव्हा आप्पा बाहेरच्या बाकावर बसले होते. मी बँकेचं विचारलं नाही; त्यांनीच काढलं.

"बँकवाल्यांना नाय सांगितलं मी," ते म्हणाले. "हा पोरगा मना रोज इचारतो, हाटेल चालू झालं का. त्याला काय सांगू? तुझ्यापायी बंद केलं म्हनू?" मग उठता उठता म्हणाले, "फोडा तुमी जमीन."

फरशी फोडायला सुरुवात झाली त्या दिवशी वैशाली धुळीत उभी होती. डोक्याला ओढणी गुंडाळलेली. कितीतरी वेळ ती कामगारांशीच बोलत राहिली आणि मग मशीन थांबल्यावर माझ्याजवळ आली.

"तुम्ही आप्पांना सांगितलं नसतं," ती म्हणाली, "तर ते सानूला घेऊन आलेच नसते."

हे खरं होतं. हॉस्पिटलातून परतताना मलाही तेच सुचलं होतं आणि मी ते दूर ढकललं होतं. तिथे सानू नसती तर दुसऱ्या कुणाचं मूल असतं, हे उत्तर माझ्या ओठांवर आलं. पण दुसऱ्याच्या मुलाचं सांगून आईला काय समजावायचं? आणि त्या मुलाच्या समोर संतोष असता का, हेही मला ठाऊक नव्हतं. ती पुन्हा कामगारांकडे गेली.

हॉटेल गणपतीच्या आधी सुरू झालं. दाराशी बेसिनांची रांग, तिच्या लगतच ट्रे ठेवायची मांडणी. मी म्हणाले होते तसंच घडलं. माणसं हात धुवायला उठली आणि जाताना ट्रे घेऊन गेली, न सांगता, पाटीशिवाय. मावश्या अजून टेबलं राखतात, त्यावर माझ्याकडे इलाज नाही. पण टेबलं भराभर रिकामी होतात, म्हणून ट्रे घेऊन कुणी फिरत राहत नाही. संडासाला दुसऱ्या बाजूने वाट काढली आणि खांबामागचा बोळ भिंत घालून बंदच करून टाकला. हॉटेल आजही जोरात चालतं. लोक कंदिलांचं कौतुक करतात. वैशाली माझ्याशी नीट बोलते, कामापुरतं.

संतोष बऱ्याच दिवसांनी आला. योगायोगाने मी तिथेच होते. योगायोग कसला, मी असतेच. पूर्ण बाह्यांचा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं लावलेली. वैशाली काउंटरमागून पळत बाहेर आली, तुम्ही बसा, मी आणून देते म्हणाली. तो अवघडला. "नको ताई, सगळे घेतात तसंच घेतो की," म्हणाला आणि रांगेत उभा राहिला.

मोठी वाटी थुक्पा. झाकण त्याने तसंच राहू दिलं. ट्रे घेऊन तो निघाला. समोरची वाट मोकळी होती. आता तिकडून कुणीच येत नाही, यायला तिथे काही उरलेलंच नाही. मी मनात म्हटलं, जा बाबा, सरळ जा.

खांबापाशी येऊन तो थांबला. ट्रे छातीजवळ घेतला, मान वाकवून पायांशी पाहिलं, इकडे आणि मग तिकडे. मग पुढे गेला.

तो अजून येतो, आणि दरवेळी तिथे थांबून खाली बघतो. फरशी फोडली, पाइप नेले, भिंत घातली. त्याचं ते थांबणं मला काढता येत नाही.